एकतीस नंबरचा डाव

टोपी डोक्यावरून उचलली गेली तेव्हा वेंडेल बार्तोशच्या तोंडात सूर्यफुलाच्या बिया होत्या, निम्म्या सोललेल्या, निम्म्या तशाच. सामान सांभाळणारा म्हातारा गस मागून आला, त्यानं टोपी काढली आणि उकळत्या भांड्यावर झाकण ठेवावं तसं हेल्मेट डोक्यावर ठेवलं. त्या दोहोंमधल्या एका क्षणात टोलेडोचा सगळा जानेवारी वेंडेलच्या टाळूवर येऊन बसला. चौदा वर्षं तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये होता, चार शहरांत, पाच कोचांच्या हाताखाली, आणि एक दिवस सोडला तर चौदाही वर्षं रेषेबाहेर, टोपी घालून, राखीव क्वार्टरबॅक म्हणून. संघ बदलले तशा टोप्या बदलल्या, पण कानाच्या वर पडलेली खाच तीच राहिली. न्हाव्याला तिला दर महिन्याला वळसा घालावा लागे. बियांचं म्हणाल तर एवढ्या बिया त्यानं या वर्षांत फोडल्या होत्या की मागच्या क्लबात त्याच्या उभं राहण्याच्या जागी दोन सूर्यफुलं उगवली होती आणि माळ्यानं ती हौसेनं ठेवली होती. त्या बिया आता थुंकायच्या की गिळायच्या, हे त्याला सुचेना. त्यानं गिळल्या, टरफलांसकट.

मैदानात जावॉन टिब्ज पडला होता. तेवीस वर्षांचा पोरगा, बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि आता घोटा धरून आकाशाकडे बघत गप्प पडला होता. ग्लासमेन संघाचा पहिला क्वार्टरबॅक तो. चेंडू आधी त्याच्या हातात यायचा आणि मग पुढं जे काय व्हायचं ते तो ठरवायचा. साठ हजार माणसांनी एकदम श्वास रोखला, आणि इतका वेळ त्या श्वासांच्या वाफेनं स्टेडियमवर धरलेलं छप्परच नाहीसं झालं. सरोवरावरून येणारा बर्फ थेट खाली पडायला लागला. गुण सतरा-सतरा. उरलेलं एक मिनिट चाळीस सेकंद. हंगामाचा शेवटचा सामना. जिंकले तर एकोणीस वर्षांनी बाद फेरीत, हरले तर सोमवारी सकाळी कपाटं रिकामी करायची, आणि सदतिसाव्या वर्षी ज्याचं कपाट रिकामं होतं त्याला दुसरं कुणी देत नाही. जावॉनला गाडीवर घालून नेत होते, तेव्हा कोच हार्लन क्राइट वेंडेलच्या हेल्मेटच्या जाळीला नाक लावून उभा राहिला. क्राइट बोलताना नेहमी तोंडापुढं कागद धरी. पलीकडचे लोक ओठ वाचतात, असा त्याचा पक्का समज होता. घरी बायकोशी बोलतानाही तो रुमाल धरतो, असं पोरं म्हणत. "बार्तोश," तो कागदाआडून म्हणाला, "घोटा बांधतायत. जादा वेळात जावॉन परत येईल. तोवर काही मोडू नकोस. बस."

काही मोडू नकोस. हेच वाक्य लहानपणी, याच शहरातल्या लॅग्रेंज रस्त्यावरच्या घरात, आईनं म्हटलेलं. वडील, स्टॅन, बाटल्यांच्या कारखान्यात होते. शनिवारी ते नाकारलेल्या बाटल्या घेऊन यायचे, वाकड्या मानेच्या, पोटात बुडबुडा असलेल्या, आणि स्वयंपाकघराच्या या टोकाहून त्या टोकाला वेंडेलकडं फेकायचे, मधे किलबासा, पोलिश सॉसेज, तळत उभी असलेली आई, तिच्या डोक्यावरून. एकही फुटली नाही. रस्त्यातली माणसं सांगतात की त्या घरात एकदा एका वेळी अकरा बाटल्या हवेत होत्या आणि पाद्री दारात उभे राहून मोजत होते. भट्टीपुढं तीस वर्षं काढलेल्या बाबांची एकच अक्कल होती आणि ती ते सगळ्याला लावत, अंड्याला, लग्नाला, फुटबॉलला. साच्यातून बाटली क्षणभर आधी काढली तर मान पडते, क्षणभर उशिरा काढली तर तडकते. बारा वर्षांपूर्वी वेंडेलच्या आयुष्यातला एकुलता एक सामना, पहिल्यापासून तो खेळलेला, दक्षिणेतल्या एका उकाड्याच्या शहरात झाला. तेव्हाही असाच शेवटचा डाव, चार गुणांनी मागं, आणि नंबर एकतीस. उजवीकडचा गडी थांबल्यासारखं करून सुटला, मोकळा होता, इतका मोकळा की त्याच्या भोवती गवत दिसत होतं, आणि वेंडेलनं चेंडू सोडला. एक वीत जास्त. मागच्या शत्रूच्या हातात जाऊन पडला, अगदी टपालानं पाठवल्यासारखा. रात्री फोनवर बाबा एवढंच म्हणाले होते, "कच्ची काढलीस." फोन ठेवला. त्यानंतर बारा वर्षं टोपी. दर हिवाळ्यात, दर शहरात, रेषेबाहेर उभं राहून दुसऱ्याच्या फेकी मोजताना वेंडेल एकच गोष्ट घोळवत आला होता, की त्या दिवशी हात कमी पडला होता की छाती. हात कमी असेल तर ठीक, हात देवानं दिला तेवढाच. पण छाती असेल तर? आणि ते कळायला दुसरी एक फेक हवी होती. पैसे नकोत, विजेत्यांना देतात तशा बोट भरून अंगठ्या नकोत. एक फेक.

तो मैदानात धावत गेला. कोंडाळ्यात दहा जण वाकून उभे, अंगातून बैलांसारखी वाफ. मधला गडी, चेंडू पायांमधून मागं देणारा, मोझेस टुइला, दीडशे किलोचा, त्याच्याकडं बघून म्हणाला, "या, आजोबा. चष्मा आणलात ना?" आणि बाकीचे हसले. वेंडेललाही बरं वाटलं. हेल्मेटमधल्या कर्ण्यातून क्राइटचा आवाज आला, बारा, आणि खट करून बंद झाला. नियमच आहे तो: डाव सुरू करायच्या वेगळ्या घड्याळात पंधरा सेकंद उरली की कानातला आवाज तोडतात, आणि त्याआधीही फक्त ऐकू येतं, उलट विचारता येत नाही, देवाचं आणि क्वार्टरबॅकचं नातं असंच. बारा म्हणजे काय, ते मनगटावर. डाव्या मनगटाच्या पट्टीत, प्लास्टिकच्या झाकणाखाली, दर शनिवारी नवा कागद मिळायचा, दीडशे डावांचा, दर आठवड्याला नंबर बदललेले. क्राइटच्या राज्यात तर साधा गुडघा टेकायचा, म्हणजे चेंडू घेऊन खाली बसायचं आणि घड्याळ संपू द्यायचं, त्यालाही नंबर होता, आणि तोही दर आठवड्याला वेगळा. वेंडेलनं झाकण उघडलं. आतला कागद पिवळा होता. बारा वर्षांपूर्वीचा.

कारण मध्यंतरापूर्वी समोरच्या संघाच्या एका निळ्या बचाववाल्यानं जावॉनचा हात धरून ओढला तेव्हा हात जावॉनकडं राहिला होता, पण पट्टीतला कागद त्या माणसाबरोबर गेला होता. आत, मध्यंतरात, जावॉन ओरडत होता की माझा कागद, माझा कागद, आणि गस कपाळावर हात मारून सांगत होता की दोनच छापलेत. वेंडेलनं आपला काढून दिला. मुकाट्यानं, शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसा. तो देताना त्याला जरासुद्धा काही वाटलं नव्हतं, आणि हेच आता, बर्फात, कोंडाळ्याच्या मधोमध, दातांखाली खड्यासारखं आलं: आपण आज खेळणार नाही हे कोचनं ठरवलं नव्हतं, आपणच ठरवलं होतं. नव्याच्या खाली तो जुना कागद होताच. ताईत म्हणून म्हणा, खपलीसारखा म्हणा, चार क्लबांत तो दर आठवड्याच्या कागदाखाली ठेवत आला होता. आता वर तोच. आणि खरा कागद जावॉनच्या मनगटावर, गाडीवरून आत, घोटा बांधायच्या टेबलावर.

"आजोबा, झोपलात का?" टुइला म्हणाला. बारा. शनिवारी संध्याकाळी वेंडेल कागद तीनदा हातानं उतरवून काढी, राखीव माणसाला दुसरं काम काय. त्यानं डोळे मिटले आणि हाताला आठवू दिलं. मधून पळ, डावीकडून. त्यानं सांगितलं आणि तसं झालं, सहा यार्ड. मग सात, छोटी फेक, बोटांना चेंडूची शिवण लागली आणि खांद्यापासून टाचेपर्यंत काहीतरी जागं झालं, जुन्या घरात पुन्हा दिवे लावल्यासारखं. मग चोवीस, मग पुन्हा सात. साठ हजार माणसं आता उभी होती. आवाज असा की हवेतला बर्फ वाकडा पडत होता. कितव्या तरी रांगेत, पंचवीस यार्डांच्या रेषेसमोर, लोरेटा होती. चौदा वर्षं नवरा मैदानात येत नाही म्हणून ती विणायला घेऊन बसे, लाल लोकर, आणि कुणाचं माप घ्यायचं हे न ठरल्यामुळं तो मफलर आता तीन रांगांना पुरत होता, शेजारचे लोक थंडीत त्याच्यात पाय घालून बसत. पहिल्या फेकीला ती उठली होती आणि लोकरीचा गुंडा पायऱ्या उतरत कठड्यापर्यंत आला होता. वेंडेलला ती लाल रेघ दिसली. त्याला सगळंच दिसत होतं, पंचांच्या मिशीतला बर्फ, निळ्यांच्या मधल्या माणसाच्या मोज्याचं भोक, घड्याळाचे आकडे. चौदा वर्षं ज्या गोष्टीकडं तो काचेतून बघत आला होता ती काच कुणीतरी काढून घेतली होती. वीसची फेक, बाजूच्या रेषेकडं, गडी बाहेर गेला, घड्याळ थांबलं. नऊ सेकंद. चेंडू आपल्याच पंचेचाळीसवर. पुढं पंचावन्न यार्ड. घड्याळ थांबवून मागायची संधी एकही उरलेली नाही.

कानात क्राइट म्हणाला, एकतीस.

आणि हात गप्प झाला. बारा, सात, चोवीस, वीस, सगळं त्यानं दिलं होतं, एकतीसला तो मुका झाला. वेंडेलनं डोळे मिटून शनिवारचा टेबलावरच्या दिव्याचा पिवळा उजेड आठवला, पेन्सिल आठवली, लोरेटानं ठेवलेला कॉफीचा कप आठवला, तिसरा रकाना, तीस, बत्तीस, मधे नुसतं पांढरं. एकतीसच्या जागी दुसरंच एकतीस बसलं होतं, बारा वर्षांपासून, भाडेकरू घराचा मालक होऊन बसावा तसं. "एकतीस," कानात पुन्हा, आणि खट. आता रेषेकडं पळत जाऊन विचारावं, की कोच, माझ्याकडं कागद नाही, मी तो देऊन टाकला? वीस पावलं. वीस पावलं गेलं की तिथं गस उभा असेल, हातात टोपी. त्या विचारानंच त्याच्या कानावरच्या खाचेत कळ आली. त्यानं मनगट वर केलं आणि पिवळा कागद वाचला. पण तो जुन्या संघाच्या बोलीत होता. या पोरांना त्यातला एक शब्द कळला नसता, निम्मी तेव्हा शाळेत होती. मग वेंडेल बार्तोश बर्फात गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि लॅग्रेंज रस्त्यावर जसं सांगायचे तसं सांगू लागला, की तू, डावीकडचा, डोळे मिटून त्या बिअरच्या स्टॉलकडं पळ, तुला चेंडू मिळणार नाही पण मिळणार असल्यासारखा पळ. तू आडवा जा, त्या धुराड्याच्या दिशेनं. आणि कॉर्डेल, तू. कॉर्डेल वीम्स, उजवीकडचा गडी, संघातला सगळ्यात वेगवान, अंगठ्याएवढ्या कारणावरून रुसणारा, त्यानं मान वर केली.

"ती लाल लोकर दिसते कठड्यावर? तिथपर्यंत पळ. थांब. चेंडू मागतोयस असं दाखव. मग सुट."

"लोकर कुणाची?"

"माझ्या बायकोची."

"आजोबा," टुइला म्हणाला, "हा डाव कागदावर आहे का?"

"आहे," वेंडेल म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

ते पांगले. रेषेबाहेर क्राइटनं पाहिलं की त्याचे गडी गुडघा टेकायला एकमेकांना चिकटून उभं राहायच्या ऐवजी मैदानभर पसरतायत, लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे, आणि कोच झाल्यापासून पहिल्यांदा त्यानं तोंडापुढचा कागद खाली टाकला. तो काय ओरडत होता ते कुणीही ओठांवरून वाचू शकलं असतं. वेंडेलनं तिकडं बघितलं नाही. तो टुइलाच्या मागं उभा राहिला, हात पुढं केले, हाक दिली, आणि चेंडू त्याच्या तळहातात आपटला, गार, दगडासारखा, आणि त्या आपटण्याबरोबर पेन्सिल फिरावी तसं तिसऱ्या रकान्यातलं पांढरं भरून आलं. एकतीस: गुडघा टेक. स्वतःच्या अक्षरात. तीनदा लिहिलेलं. काही मोडू नकोस, घोटा बांधतायत. अजून वेळ होता. चेंडू त्याच्या हातात होता, गुडघा जमिनीपासून दोन फुटांवर होता, नुसतं खाली बसायचं, घड्याळ संपतं, जावॉन येतो, गस येतो, कुणाला काही कळत नाही. आणि फेकला आणि गेला निळ्यांच्या हातात, तर उद्या हे शहर त्याच्या बापाला पाव विकणार नाही. हे सगळं अर्ध्या पावलात झालं. त्याला नंतर नक्की सांगता आलं नसतं की त्यानं ठरवलं म्हणून पाऊल मागं पडलं की पाऊल मागं पडलं म्हणून ठरलं. पण पाऊल मागं पडलं, दुसरं पडलं, आणि त्याला हसू आलं, हेल्मेटच्या आत, दातांत टरफल अडकलेलं हसू.

कॉर्डेल लोकरीपाशी पोचला, थांबला, हात वर केले. निळा त्याच्या अंगावर आला. कॉर्डेल सुटला. मोकळा. त्याच्या भोवती बर्फ दिसत होता, तसाच जसं तेव्हा गवत दिसलं होतं, आणि वेंडेलच्या खांद्यानं म्हटलं, आता. हाच तो क्षण. बारा वर्षांपूर्वी याच आता-ला त्यानं चेंडू सोडला होता, कारण डावीकडून एक मोठा माणूस येत होता आणि सोडून दिलं की सुटलो असं वाटलं होतं; आजही डावीकडून एक येत होता, टुइलाच्या अंगाला वळसा घालून, मोज्याचं भोक असलेला, त्याचा श्वास ऐकू येत होता. हात नव्हताच कमी पडला. हे त्याला तिथं कळलं, चेंडू कानाशी धरून, आणि ते कळल्याचा जो आनंद झाला तो फेकण्याआधीच झाला. मान पडते. अजून नाही. स्वयंपाकघराच्या त्या टोकाला बाबा, मधे आई, तेलाचा वास, बाटली अजून लाल आहे, अजून, आणि मोज्याच्या भोकाचा माणूस त्याच्या बरगडीत शिरला तेव्हा, बरोबर तेव्हा, त्यानं ती काढली.

तो पाठीवर पडला आणि वर काहीच दिसेना, बर्फच बर्फ. तो चेंडू इतका उंच गेला की सरोवरावरून परतणाऱ्या हंसांनी रांग मोडून त्याला वाट दिली, असं टोलेडोत अजून सांगतात, आणि तो खाली येईपर्यंत दोन म्हाताऱ्यांनी देवाशी जुनी भांडणं मिटवली. वेंडेलला ते काही माहीत नव्हतं. तो आवाजाची वाट बघत होता. आधी काहीच आलं नाही. मग जमीन हलली, पाठीखालून आलं ते, साठ हजार माणसांच्या पायांतून, आणि अंगावर पडलेला निळा माणूस त्याच्या कानाशी थकून म्हणाला, "पकडला रे तुझ्यावाल्यानं. पळतोय. गेला. झालं." आणि मग त्याचा हात धरून त्यानंच त्याला उठवलं.

पुढचं सगळं लाल लोकरीत गुंतलेलं आहे. टुइलानं त्याला खांद्यावर घेतलं, पोरं कठडा ओलांडून आली, मफलर कुणीतरी मैदानावर ओढला आणि त्यात निम्मा संघ अडकला. मैदानातून आत जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी जावॉन एका पायावर उभा होता, घोटा भोपळ्याएवढा. त्यानं वेंडेलच्या मनगटाकडं पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडं, झाकण उघडून तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. मग तो कागद काढून, चुरगळून, तोंडात टाकून चावू लागला. मागून क्राइट आला. बाहेर पत्रकार उभे होते, आणि हा डाव आपण दोन वर्षं राखून ठेवला होता हे सांगायला त्याचा चेहरा आधीच तयार झाला होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं, रुमाल काढला, तोंडापुढं धरला.

"बार्तोश. एकतीस काय होतं?"

"गुडघा टेकायचा होता, कोच."

"मग?"

वेंडेलनं विचार केला. कागदाचं सांगता आलं असतं. मध्यंतराचं, पांढऱ्या जागेचं, सगळं सांगता आलं असतं आणि ते खरंही असतं, चेंडू हातात पडेपर्यंतचं. "मग आठवलं," तो म्हणाला, "पण तोवर चेंडू हातात आला होता."

क्राइटनं रुमाल खिशात घातला. मग कुणीही वाचावं असं उघडं हसला आणि पत्रकारांकडं निघून गेला.

कपडे बदलायच्या खोलीत आरडाओरडा असा होता की वेंडेल बरगडी धरून न्हाणीघरात गेला आणि तिथून त्यानं बाबांना फोन लावला. ते घरीच बघतात, टीव्हीचा आवाज बंद करून, कारण समालोचकांनी भट्टी पाहिलेली नाही. घंटी बरीच वाजली. तो उभा होता, केसांतून बर्फाचं पाणी मानेवर उतरत होतं, आणि सदतीस वर्षांच्या माणसाचं काळीज शनिवारच्या बाटलीसारखं या टोकाहून त्या टोकाला जात होतं. उचलला. पलीकडं बाबांचा श्वास, आणि मागं शेजारपाजारचे, कुणीतरी झाकणं वाजवत होतं, कुणीतरी रडत होतं.

"बघितलंत?" वेंडेल म्हणाला.

"बघितलं." मग बाबा खाकरले. "एवढ्या बर्फात बोडका काय उभा राहिला होतास शेवटी? डोकं भिजलं सगळं. टोपी कुठाय तुझी?"

वेंडेलनं कानाच्या वर हात नेला. खाच होती तिथंच होती.

"हरवली, बाबा," तो म्हणाला.